मॉडेलमधल्या शहराला थांबता आलं पाहिजे

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर शहर उभं करणारा माणूस एका टप्प्यावर हमखास मोटरींच्या मागे लागतो. इमारती उभ्या राहिलेल्या असतात, रस्ते रंगवून झालेले असतात, खिडक्यांमागे दिवे लागलेले असतात, आणि तरी सगळं निपचित दिसतं. मग आकाशपाळणा फिरायला लागतो, बांधकामावरची क्रेन वळायला लागते, धोबीघाटावर एक हात वरखाली होतो, चौकाभोवती बस चकरा मारते. पैसे जातात, रात्री जातात, टेबलाखाली वायरींचं जंजाळ वाढत राहतं. एवढं करून शहर जिवंत झालं का, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. सगळं हलतं आहे, पण घडत काहीच नाही. हे काम करता करता आणि इतरांची कामं जवळून पाहता पाहता माझं एक मत पक्कं झालं आहे. मॉडेलमधलं शहर किती जिवंत वाटेल हे त्यात किती गोष्टी हलतात यावर अवलंबून नसतं. किती गोष्टी एकमेकींसाठी थांबतात यावर ते ठरतं. फाटक पडतं म्हणून रिक्षा थांबते, सिग्नल लाल आहे म्हणून गाडी स्टेशनाबाहेर उभी राहते, पाळण्यात माणसं बसायची आहेत म्हणून पाळणा थांबतो. या थांबण्यातून एका गोष्टीचा दुसरीशी संबंध दिसतो, आणि संबंध दिसला की शहर दिसतं.

आधी मापांचा हिशेब मांडतो, कारण या मताचा पाया तिथेच आहे. जगभर सर्वांत जास्त चालणारं एचओ हे माप म्हणजे १:८७. या मापात पाच फूट सात इंचांचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, ऑटोरिक्षा तीन सेंटिमीटरची, आणि बारा डब्यांची मुंबई लोकल मात्र जवळजवळ तीन मीटरची. घरात मॉडेल करणारा बहुतेक वेळा आठ बाय चार फुटांच्या प्लायवर सुरुवात करतो. त्या प्लायवर कडेपासून थोडं आत घेऊन लांबट गोल रूळ टाकला तर त्याची एकूण लांबी साडेपाच मीटरच्या आसपास भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी या मापात सेकंदाला १९ सेंटिमीटर चालते, म्हणजे सगळा फेरा अर्ध्या मिनिटात संपतो. गाडी न थांबता चालवली तर पाहणाऱ्याला दोन मिनिटांत तीच गाडी चार वेळा समोरून गेलेली दिसते, आणि हे जग केवढं आहे याचा अंदाज त्याला लगेच येतो. तीच गाडी स्टेशनात अर्धं मिनिट उभी केली, पुढे बोगद्यात किंवा इमारतींमागे मिनिटभर रोखून धरली आणि मग सिग्नल मिळाल्यावर बाहेर आणली, तर तेवढ्याच रुळावर ती कुठूनतरी लांबून आल्यासारखी वाटते. लांबी विकत घेता येत नाही, कारण खोली तेवढीच असते. वेळ मात्र घेता येतो, आणि तो थांबण्यातूनच मिळतो.

शहर आणि रेल्वे यांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे फाटक, म्हणून माझ्या मते लेआउटवरची पहिली हालचाल फाटकाची असावी. बाजारात मिळणारी बरीच फाटकं अशी असतात की गाडी जवळ आली की दांडी पडते आणि गाडी गेली की वर जाते. खऱ्या रेल्वेत क्रम वेगळा असतो. इंटरलॉक केलेल्या फाटकावर दांडी पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नाही. म्हणजे रस्ता गाडीसाठी थांबतो तशी गाडीही रस्त्यासाठी थांबते. मध्य रेल्वेवर दिवा स्टेशनाजवळच्या फाटकाने लोकलच्या वेळापत्रकाची किती ओढाताण केली, हे ठाणे-कल्याणकडच्या प्रवाशाला वेगळं सांगायला नको. मॉडेलमध्ये हाच क्रम आणायचा तर असं करावं लागतं: आधी फाटकावरचा लाल दिवा लुकलुकतो, दोन-तीन सेकंदांनी दांडी हळूहळू खाली येते, ती पूर्ण आडवी झाली की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सिग्नलचा लाल जाऊन हिरवा लागतो. तोवर गाडी सिग्नलमागे उभी असते. ‘काहीच होत नाही’ तो क्षण फार मोलाचा आहे. पाहणारे नेमके तेव्हाच पुढे वाकतात, कारण आता काय होणार हे त्यांना कळलेलं असतं आणि अजून ते झालेलं नसतं. दांडीला लावलेली छोटी सर्व्हो मोटर एका झटक्यात नव्वद अंश फिरू शकते. तिला अंशा-अंशाने, सहा-सात सेकंद घेऊन उतरवणं हे प्रोग्रॅमच्या चार ओळींचं काम आहे, आणि त्या चार ओळींनी सगळा फरक पडतो.

या क्रमाचा जागेच्या दृष्टीनेही फायदा होतो. चालती गाडी सेन्सरवरून गेल्यावर फाटक पाडायचं ठरवलं तर इशारा, दांडी आणि सिग्नल यांना मिळून दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी १९० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे सेन्सर फाटकाच्या जवळजवळ दोन मीटर अलीकडे हवा. आठ फुटी प्लायवर एवढी सरळ जागा आणायची कुठून? म्हणून बहुतेक जण दांडीचा वेग वाढवतात आणि फाटक गाडीच्या तोंडावर आदळतं. गाडी आधी सिग्नलला थांबते असं धरून चाललं तर सेन्सर सिग्नलच्या अलीकडे वीतभर अंतरावर असला तरी पुरतो. खऱ्या रेल्वेचा सुरक्षेचा नियम पाळल्यामुळे छोट्या जागेची अडचणही सुटते, हे मला या कामातलं फार समाधानाचं गणित वाटतं.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं असेल तर हॅम्बुर्गच्या मिनिआतूर वुंडरलांडकडे पाहावं. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी तिथल्या जुन्या गोदामांच्या वस्तीत हे प्रदर्शन २००१ साली सुरू केलं, आणि जगातलं सर्वांत मोठं मॉडेल रेल्वेचं काम म्हणून आज ते ओळखलं जातं. त्यातलं क्नुफिंगेन हे शहर काल्पनिक आहे. रस्त्यांवर मोटारी धावतात त्या फालर कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेल्या पद्धतीवर: रस्त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक लोखंडी तार पुरलेली असते, मोटारीच्या पुढच्या आसाला चुंबक असतो, आणि चुंबक तारेच्या मागे मागे जातो. तार पुरण्याची युक्ती सर्वांच्या लक्षात राहते. माझ्या मते त्या पद्धतीतला त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे रस्त्याखाली बसवायचं विद्युतचुंबक. त्यात वीज सोडली की मोटारीतला रीड स्विच उघडतो आणि मोटार जागच्या जागी उभी राहते. त्या एका भागामुळे मोटार सिग्नल पाळू शकते. हॅम्बुर्गच्या मंडळींनी संगणकाच्या मदतीने ही कल्पना खूप पुढे नेली. तिथे मोटारी चौकात थांबतात, वळताना दिवा दाखवतात आणि दुसऱ्याला वाट देतात. अधूनमधून शहरात कुठेतरी आग लागते आणि निळे दिवे लावून बंबांचा ताफा निघतो. बंब निघताच बाकीच्या वाहतुकीचं काय होतं, इकडे लोकांचं लक्ष जातं. एकट्या धावणाऱ्या बंबाला एवढा अर्थ नसता. २०११ साली तिथे विमानतळ सुरू झाला, त्याला सहा वर्षं लागली होती. उडणारं विमान हे त्याचं आकर्षण खरंच, पण धावपट्टीच्या तोंडाशी आपल्या पाळीची वाट पाहत उभं राहिलेलं विमान पाहूनच हा विमानतळ आहे अशी खात्री पटते.

आपल्याकडे या गोष्टीचं ज्ञान परदेशातून आणावं लागत नाही. गणेशोत्सवातले हलते देखावे पाहत मोठ्या झालेल्या पिढीला ते आधीपासून आहे. पुण्याच्या मंडळांच्या देखाव्यांत यंत्रसामग्री साधीच असायची: एक मोटर, पट्टा, लाकडी किंवा लोखंडी कॅम, त्याला जोडलेली तार किंवा दांडा. मूर्तीचा एक हात वर जाई, दुसरीची मान वळे, राक्षस अर्धा उठून पुन्हा बसे. तरीही लोक रांगेत उभे राहून दहा-दहा मिनिटं पाहत, कारण ध्वनिमुद्रित निवेदन ज्याचं नाव घेई त्याच्यावर प्रकाश पडे आणि तोच हले. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत स्थिर राहत. सगळ्या मूर्ती एकाच वेळी हात हलवू लागल्या असत्या तर कोणालाही गोष्ट कळली नसती. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालेलं लहान रेल्वेचं संग्रहालयही त्याच संस्कृतीत वाढलेलं आहे. तिथे गाड्यांबरोबर रस्ते, उड्डाणपूल, वस्ती असं एक शहरच आहे, आणि ते दाखवण्याची पद्धत खेळाची आहे: माहिती सांगितली जाते, एक गाडी निघते, ती गेल्यावर दुसरी. परदेशी पुस्तकं वाचून लेआउट करणाऱ्यांनी घरातली ही परंपरा नजरेआड करू नये असं मला मनापासून वाटतं. हालचालीला पाळी असते, हे तिने कधीच शिकवून ठेवलं आहे.

थांबण्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते भौतिकशास्त्राचं. लांबी ८७ पटींनी लहान करता येते, गुरुत्वाकर्षण तसंच राहतं. बागेतला अडीच मीटर साखळीचा झोका एक पूर्ण हेलकावा घ्यायला सव्वातीन सेकंद घेतो. मॉडेलमध्ये ती साखळी तीन सेंटिमीटरपेक्षाही कमी होते, आणि ती मोकळी सोडली तर एक हेलकावा एक तृतीयांश सेकंदात संपतो. डोळ्यांना ती थरथर दिसते, झोका दिसत नाही. पाण्याचंही तसंच: कारंज्याचा थेंब लहान होत नाही, दोन सेंटिमीटरच्या माणसाशेजारी तो नारळाएवढा दिसतो. झेंड्याचं कापड १:८७ पातळ मिळत नाही, म्हणून पंख्याच्या वाऱ्यावर ते पुठ्ठ्यासारखं ताठ हलतं. म्हणजे आपोआप होणारी जवळपास प्रत्येक हालचाल या मापात खोटी पडते; प्रत्येक हालचाल मोटरीने, ठरवून, खऱ्या वेळेच्या हिशेबाने द्यावी लागते. अशा वेळी काय हलवायचं आणि काय नाही याची निवड अटळ होते. झोका रिकामा आणि स्थिर ठेवला तर तो खोटा पडत नाही. पाणी एपॉक्सीचं, हलकी लाट धरून गोठवलेलं ठेवलं तर डोळा ते स्वीकारतो. हळू चालणाऱ्या आणि मधे थांबणाऱ्या गोष्टी मात्र या मापात उत्तम उतरतात: फाटक, क्रेन, गोदामाचा सरकता दरवाजा, लोकल, आकाशपाळणा.

आकाशपाळण्याचं उदाहरण जरा जवळून घेतो, कारण मॉडेल शहरांत सर्वांत जास्त चुकतो तो हाच. जत्रेतला पंधरा मीटर उंचीचा पाळणा एचओत सतरा-अठरा सेंटिमीटरचा होतो आणि बारा व्होल्टच्या गिअर मोटरवर तो दिवसभर फिरवता येतो. खऱ्या जत्रेत तो तसा कधीच फिरत नाही. आठ पाळणे असतील तर खालचा भरतो, चाक एक अष्टमांश फिरतं, थांबतं, पुढचा भरतो. सगळे भरले की मग वेग घेतो, काही फेरे होतात, वेग उतरतो, आणि पुन्हा एकेक पाळणा रिकामा होण्यासाठी तसाच थबकत थबकत उतरतो. वरच्या पाळण्यातली माणसं तेवढा वेळ आकाशात अडकलेली असतात. पाळण्यात बसण्याची अर्धी मजा आणि सगळी भीती तिथेच असते. साध्या मोटरीच्या जागी स्टेपर मोटर लावली तर हा सगळा क्रम तिला सांगता येतो. खर्चात फार फरक पडत नाही. अशा मोटरी पुण्याच्या बुधवार पेठेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. थबकणारा पाळणा पाहणाऱ्याला त्यात माणसं बसत-उतरत असल्याचा भास होतो, जरी त्यातली प्लास्टिकची माणसं जागची हललेली नसतात. न हलणारी माणसं हलल्यासारखी वाटावीत, एवढं काम तो थांबा करून जातो.

माणसांचा प्रश्न खरा अवघड आहे, आणि थांबण्याच्या विचाराशिवाय तो सुटत नाही. दोन सेंटिमीटरच्या माणसाला चालवणं शक्य नाही असं नाही, पण शेकडो माणसांच्या शहरात ते परवडणारं नाही. तेव्हा शहरातली जवळजवळ सगळी माणसं स्थिरच राहणार. अशा वेळी एक पाय उचलून चालणारा माणूस रस्त्यात चिकटवला की तो कायमचा एका पायावर अडकतो, आणि शेजारून बस गेली की तो आणखीच अडकलेला वाटतो. म्हणून उभी, बसलेली, टेकलेली, वाकलेली माणसंच निवडावीत. आपल्या शहरांत अशा माणसांना तोटा नाही: बसथांब्यावरची रांग, टपरीपाशी कटिंग घेऊन उभे असलेले चौघं, पाटीवर हात ठेवून बसलेली भाजीवाली, कट्ट्यावरचे आजोबा, फलाटाच्या कडेला मान वळवून गाडीच्या दिशेने पाहणारे प्रवासी. बाजारात मिळणाऱ्या एचओ मूर्ती बहुतेक युरोपातल्या पोशाखातल्या असतात. त्यांची हॅट कापून, कोटाच्या कडा घासून, सदरा-लेंगा रंगवता येतो. साडी नेसवायची तर टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून, सुईच्या टोकाने कमरेभोवती आणि खांद्यावरून बसवायचा. वाळल्यावर त्याला निऱ्यांसारख्या घड्या पडलेल्या दिसतात आणि वरून रंगाचा पातळ हात पुरतो. फलाटावर अशी साठ-सत्तर माणसं गाडीच्या दिशेने पाहत उभी केली आणि गाडी खरंच येऊन त्यांच्यासमोर थांबली, तर त्या माणसांच्या स्थिर असण्याला कारण मिळतं. गाडी न थांबता निघून गेली तर तीच माणसं पुतळे होतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की लोकांना, विशेषतः मुलांना, सतत काहीतरी पळताना हवं असतं. थांबलेलं शहर दाखवलं तर ती कंटाळून निघून जातील. मुलांना गती आवडते हे खरं आहे. पण सतत फिरणाऱ्या वस्तूसमोर मूल किती वेळ टिकतं आणि आता काहीतरी होणार आहे अशा वस्तूसमोर किती वेळ, याची तुलना कुठल्याही प्रदर्शनात उभं राहून करता येते. हॅम्बुर्गला प्रेक्षकांनी दाबायची दोनशेच्या आसपास बटणं ठेवलेली आहेत. बटण दाबलं की एखादी हालचाल सुरू होते, थोडा वेळ चालते आणि थांबते. ती कायम चालू ठेवली असती तर बटणाला अर्थ उरला नसता. मुलाला आवडतं ते आपल्यामुळे काहीतरी घडलं हे, आणि घडण्याआधी ते घडत नव्हतं हे त्याने पाहिलेलं असावं लागतं. एकाच वेळी सगळं थांबू नये एवढं पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. फाटक उघडलेलं असताना क्रेन वळावी, क्रेन थांबली की लोकल यावी. शहरात नेहमी काहीतरी एकच घडत असावं आणि बाकीचं त्याची वाट पाहत असावं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो करणारे अनुभवी लोक असतात. एक मोटर चालू ठेवणं सोपं. थांबवायची तर सेन्सर हवा, रिले किंवा मायक्रोकंट्रोलर हवा, आणि जितके भाग जास्त तितके बिघाड जास्त. हे खोटं नाही. मॉडेल रेल्वेतलं हे नियंत्रणाचं काम किती खोल जाऊ शकतं याचं जुनं उदाहरण म्हणजे १९४६ साली स्थापन झालेला एमआयटीचा टेक मॉडेल रेलरोड क्लब. तिथल्या काही सभासदांना वरच्या देखाव्यापेक्षा टेबलाखालच्या, टेलिफोनच्या रिलेंनी भरलेल्या यंत्रणेतच जास्त रस होता, आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे संगणकाकडे वळले. पण बिघाडाचा मुद्दा नीट तपासला तर तो थांबण्याच्याच बाजूने झुकतो. खऱ्या रेल्वेत सिग्नलची रचना अशी असते की काही बिघडलं तर लाल लागावा. मॉडेलही तसंच जोडावं: सेन्सरची तार तुटली तर फाटक बंद राहावं, गाडी सिग्नलला उभी राहावी. असा बिघाड झाला तर पाहणाऱ्याला तो बिघाड वाटतच नाही. गाडीला उशीर झाला आहे एवढंच वाटतं. सतत फिरणारी पवनचक्की बंद पडली की मात्र पहिल्या क्षणी कळतं की मोटर गेली. शिवाय जी मोटर दर पाच मिनिटांतून वीस सेकंद चालते तिचे गिअर आणि ब्रश सतत चालणाऱ्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतात, तापत नाहीत, आणि प्लायमधून तिची घरघर अखंड ऐकू येत नाही. ती घरघर हा शहराच्या भासाचा मोठा शत्रू आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे सगळं जर्मनीत ठीक आहे, भारतीय शहर थांबतं कुठे? आपल्याकडे सिग्नल तोडतात, फाटकाखालून दुचाकी वाकवून नेतात, लोक हात दाखवून रस्ता ओलांडतात. शिस्तीत थांबणारं मॉडेल आपल्या शहराचं होणारच नाही. आपलं शहर वेगळ्या रीतीने थांबतं, एवढाच याचा अर्थ आहे, आणि मॉडेल करणाऱ्याने ती रीत टिपली पाहिजे. बंद फाटकापाशी पाहा. मोटारी, ट्रक आपल्या बाजूला उभे राहतात, पण दुचाक्या त्यांच्या उजव्या बाजूने पुढे सरकत सरकत दांडीला टेकतात आणि समोरून येणाऱ्यांची बाजूही अडवून टाकतात. पलीकडेही तेच झालेलं असतं. फाटक उघडतं तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना रस्ताभर पसरलेल्या दोन गर्दी समोरासमोर उभ्या असतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात वाढलेल्या माणसाला हा देखावा दाखवला तर तो लगेच ओळखतो. आणि तो करायला काय लागतं? जागच्या जागी चिकटवलेल्या वीस-पंचवीस दुचाक्या, दोन रिक्षा, एक एसटी, इंजिन बंद करून खाली उतरलेला एक ड्रायव्हर, आणि हलणारी फक्त एक दांडी. इथे आपल्या शहराची सगळी ओळख थांबलेल्या वाहनांच्या मांडणीत आहे. भारतीय विषयावर काम करणाऱ्याला तयार सामान कमी मिळतं, हे खरं दुःख आहे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मापात १९ मिलिमीटरच्या थोडा वर हवा, पण बाजारातला रूळ साडेसोळा मिलिमीटरचाच असतो, आणि आपले डबे त्यावर थोडे अरुंद पायांवर उभे राहतात. अशा वेळी हुबेहूब मापांपेक्षा हुबेहूब वागणूक आणणं आपल्या हातात जास्त आहे.

शेवटचा आक्षेप रेल्वेच्या निष्ठावंतांचा. त्यांच्या मते नायक गाडी आहे. शहर एवढं सजवलं की नजर गाडीवरून हटते. सतत फिरणाऱ्या दहा वस्तूंच्या शहरात नजर हटते, हे मला मान्य आहे. शहर गाडीसाठी थांबत असेल तर मात्र प्रत्येक थांबा नजर गाडीकडेच वळवतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि त्यानंतरची मुंबई रुळांच्या दोन्ही बाजूंनी, स्टेशनं धरून वाढत गेली. स्टेशनबाहेरचा बाजार, रिक्षास्टँड, पुलावरची गर्दी ही सगळी गाडीच्या वेळेवर जगते. ते दाखवल्याशिवाय लोकलचं मॉडेल म्हणजे रुळावरचा डबा एवढंच उरतं. दिव्यांनाही हाच नियम लावावा. संध्याकाळ करताना सगळ्या खिडक्या एका बटणाने उजळू नयेत. आधी रस्त्यावरचे दिवे, मग दुकानं, मग घरातली एकेक खिडकी, आणि लोकल येऊन गेल्यावर थोड्या वेळाने आणखी काही खिडक्या. गाडीतून कोणी उतरलेलं दिसत नाही, तरी माणसं घरी पोचल्याचं कळतं.

म्हणून या कामात नव्याने पडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मोटरी विकत घेण्याआधी आपल्या जवळच्या स्टेशनबाहेर किंवा फाटकापाशी तासभर उभे राहा आणि वहीत फक्त एवढंच लिहा: कोण कोणासाठी थांबलं, किती सेकंद थांबलं, आणि सुटल्यावर आधी कोण निघालं. त्या यादीतल्या तीन गोष्टी निवडा. पहिली सर्व्हो फाटकाला लावा, दुसरा सेन्सर स्टेशनच्या सिग्नलला, आणि उरलेले पैसे उभ्या-बसलेल्या माणसांवर खर्च करा. आकाशपाळणा त्यानंतर घेतला तरी चालेल.